समुद्रतळची तार आणि एकाकी बेटें

१८८३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, २६ व २७ या तारखांच्या दरम्यान, हिंदी महासागरांतील रॉड्रिग्ज नांवाच्या एका लहानशा बेटावर जेम्स वॉलिस या पोलिस-अधिकाऱ्याच्या कानीं पूर्वेकडून तोफांसारखे दूरचे आवाज आले. एखादें जहाज संकटांत सांपडून मदतीची याचना करीत असावें, असा तर्क कोणाहि दर्यावर्दी माणसाच्या मनांत अशा वेळीं सहज यावा. परंतु त्या तोफा नव्हत्या. जावा व सुमात्रा यांच्यामधील सामुद्रधुनींत क्राकाटोआ हा ज्वालामुखी फुटला होता, आणि त्याचा आवाज सुमारें तीन हजार मैलांचा समुद्र ओलांडून, चार तासांच्या प्रवासानंतर, रॉड्रिग्जच्या किनाऱ्यावर येऊन पोंचला होता. मनुष्याच्या कानांनीं इतक्या दूरचा आवाज ऐकल्याचें दुसरें उदाहरण इतिहासांत नमूद नाहीं.

आतां याच घटनेची दुसरी बाजू पाहावी. जावा बेटावरील बाताव्हिया शहर सिंगापूरमार्गें लंडनशीं समुद्राखालच्या तारेनें जोडलेलें होतें. त्यामुळें ज्या लंडनांत क्राकाटोआचा ध्वनि कोणालाहि ऐकूं आला नव्हता, तेथील वाचकांस या उत्पाताची वार्ता दोन-तीन दिवसांतच वर्तमानपत्रांत वाचावयास मिळाली. रॉड्रिग्जला मात्र तार नव्हती. आपण ऐकलें तें काय होतें, हें समजण्यासाठीं त्या बेटाला पुढील जहाजाची वाट पाहणें भाग होतें. ज्यानें ऐकलें त्याला कळलें नाहीं, आणि ज्यानें ऐकलें नाहीं त्याला कळलें!

विद्युत्तारेनें जगांतील अंतर नाहींसें केलें, असें आम्ही विद्यार्थिदशेंत शिकलों आणि खरें सांगावयाचें तर पुढें अनेक वर्षें आम्हींहि तेंच शिकविलें. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत एक जुना नकाशासंग्रह आहे. त्यांत समुद्रांतून गेलेल्या तारा तांबड्या रेघांनीं दाखविलेल्या आहेत. एके दिवशीं तो चाळतां चाळतां आमच्या लक्षांत आलें कीं, या रेघा अगदीं लहान, ओसाड म्हणावीं अशा बेटांना आवर्जून जाऊन भेटतात, आणि लाखों माणसें राहत असलेल्या कित्येक बेटांच्या वाटेस मात्र फार उशिरां जातात. अंतर नाहींसें झालें हें कबूल, पण कोणाकोणांमधलें? हिंदी महासागरांतील तीन बेटांच्या, म्हणजे मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि कोकोस यांच्या कथेवरून या प्रश्नाचा थोडा विचार करावा असा आमचा मानस आहे.

मुंबईकरांस समुद्रतळच्या तारेची ओळख या बेटांच्या फार आधीं झाली. १८७० च्या प्रारंभीं ‘ग्रेट ईस्टर्न’ हें त्या काळचें जगांतील सर्वांत मोठें जहाज एडनपर्यंतची तार पोटांत घेऊन मुंबईच्या बंदरांत येऊन उभें राहिलें. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारींत तें तार सोडीत एडनकडे निघालें आणि जूनपर्यंत मुंबई थेट इंग्लंडशीं बोलूं लागली. १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोंचावयास सुमारें चाळीस दिवस लागले होते. तेरा वर्षांनंतर तेंच काम तासांच्या हिशेबावर आलें. या तारेची तातडी राज्यकर्त्यांस कां वाटत होती, हें निराळें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

मॉरिशस हें नांव भूगोलाच्या पुस्तकांत वाचण्यापूर्वींच मराठी घरांत स्वयंपाकघराच्या वाटेनें आलेलें होतें. आमची आजी पांढऱ्या दाणेदार साखरेला ‘मोरस’ म्हणत असे. हा मोरस म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून मॉरिशसच होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या बेटाची पुष्कळशी साखर मुंबईच्या बाजारांत येई, आणि ती पिकविणारे हातहि बव्हंशीं हिंदीच होते. १८३४ पासून पुढें पाऊणशें वर्षांत सुमारें साडेचार लाख मजूर कराराच्या कागदावर आंगठा उठवून तेथें गेले. बहुसंख्य कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेल्या थोड्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसें होतीं आणि त्यांच्या वंशजांची गणेशचतुर्थी आज त्या देशांत सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. १८९१ च्या शिरगणतीच्या वेळीं मॉरिशसची लोकसंख्या ३ लाख ७० हजारांच्या आसपास असून तींत दोन-तृतीयांशाहून अधिक हिंदी होते.

अशा या बेटाला तार केव्हां मिळावी? १८७९ सालीं एडनहून झांझिबारमार्गें दरबानपर्यंत तार गेली. त्या वर्षाच्या जानेवारींत इसांडल्वाना येथें झुलू लोकांनीं इंग्रजी फौजेचा धुव्वा उडविला होता आणि तें वृत्त लंडनला कळावयास सुमारें तीन आठवडे लागले होते. एका पराभवानें जें काम वर्षाच्या आंत करवून घेतलें, त्यासाठीं मॉरिशसच्या पावणेचार लाख माणसांना आणखी चौदा वर्षें थांबावें लागलें.

या चौदा वर्षांत तेथें काय घडलें हें पाहण्यासारखें आहे. पोर्ट लुईजवळच्या पांपलमूस येथें रॉयल आल्फ्रेड वेधशाळा होती. तिचे संचालक चार्ल्स मेल्ड्रम यांनीं १८५१ सालीं तेथें हवामानशास्त्राची संस्था काढण्यांत पुढाकार घेतला होता, आणि त्यांची काम करण्याची रीत मोठी चिकाटीची होती. बंदरांत येणाऱ्या प्रत्येक जहाजाची नोंदवही मागून घ्यावयाची, कोणत्या दिवशीं, कोठें, वारा कोणत्या दिशेचा व वायुभारमापकाचा पारा किती, हें उतरवून घ्यावयाचें, आणि अशा शेंकडों नोंदी एकत्र मांडून अमुक चक्रीवादळ कोणत्या वाटेनें गेलें तें ठरवावयाचें. चक्रीवादळांच्या गतीविषयींचें पुष्कळसें ज्ञान जगाला या बेटावरून मिळालें आहे. परंतु वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हें सारें ज्ञान घडून गेलेल्या गोष्टींचें होतें. जहाज बंदरास लागल्यावर वादळाची वाट समजणार. तोंवर वादळ आपलें काम करून गेलेलें असणार. समुद्रापलीकडून आगाऊ सूचना देणारा कोणीहि नव्हता. मेल्ड्रमसाहेबांसारखा पंडित घरांत असूनहि बेटाला स्वतःच्या क्षितिजापलीकडचें कांहीं दिसत नव्हतें.

२९ एप्रिल १८९२ रोजीं, वादळाचा हंगाम संपला असें लोक समजत असतां, मॉरिशसवर त्याच्या इतिहासांतील एक अत्यंत भयंकर चक्रीवादळ आलें. दुपारीं वारा एकाएकीं पडला, वादळाचा डोळा पोर्ट लुईवरून जाऊं लागला, आणि थोड्याच वेळानें वारा उलट्या दिशेनें पहिल्याहून अधिक जोरानें सुटला. कांहीं तासांत हजाराहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. उसाचीं शेतें आडवीं झालीं. चार वर्षांनीं, १८९६ सालीं, तेथें गेलेल्या मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकास या दिवसाची हकीकत लोक तेव्हांहि सांगत होते. आणि एवढें होऊनहि त्या दिवशीं बाहेरच्या जगाला एक शब्द कळविण्याचें साधन बेटापाशीं नव्हतें. जहाज निघेल, तें दुसऱ्या एखाद्या तार असलेल्या बंदरास लागेल, मग जगाला समजेल! मढीं पुरून झाल्यावर सहानुभूति यावयाची.

१८९३ सालीं झांझिबारहून सेशेल्समार्गें मॉरिशसला तार आली. वादळानंतर वर्षदीड वर्षांतच ती आली म्हणून वादळामुळेंच आली असें अनुमान काढण्याचा मोह होतो. आम्ही तें काढीत नाहीं. पोर्ट लुई हें आरमाराला कोळसा पुरविण्याचें तटबंदीचें ठाणें होतें, आणि अशा ठाण्याला लंडनचे हुकूम वेळेवर मिळावे ही विवंचना वादळापूर्वींची होती. तार आली ती कोठाराला आली. कोठाराच्या शेजारीं माणसें राहत होतीं, एवढेंच.

तारेनें मजुराला काय दिलें, याचा हिशेब सोपा आहे. हिंदुस्थान व विलायत यांच्यामधील तारेचा दर १८८६ पासून शतक संपेपर्यंत शब्दाला चार शिलिंग होता, म्हणजे रुपयाच्या तेव्हांच्या भावानें सुमारें तीन रुपये. कराराच्या मजुराचें वेतन शिध्याखेरीज महिना पांच रुपये ठरलेलें असे. या मापानें पाहतां महिनाभर ऊंस तोडून त्याला पुरते दोन शब्दहि घरीं पाठवितां आले नसते. ‘बाप वारला’ हे दोनच शब्द आहेत. मग नांव, गांव, तालुका हे शब्द कोठून आणावयाचे? तारेचीं टोकें सरकार आणि साखरेचा व्यापारी यांच्या टेबलांवर होतीं. मजुराचा निरोप पूर्वींप्रमाणेंच परत जाणाऱ्या सोबत्याच्या तोंडीं, शिडाच्या किंवा वाफेच्या जहाजानें, महिन्या-दोन महिन्यांनीं पोंचत राहिला. पोंचला तर!

एक योगायोग येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९०१ च्या ऑक्टोबरअखेर दरबानहून हिंदुस्थानास निघालेले बॅरिस्टर गांधी मॉरिशसला उतरले आणि सुमारें तीन आठवडे तेथें राहिले. त्याच वर्षीं दरबानहून निघालेली एक नवी तारहि मॉरिशसला येऊन पुढें ऑस्ट्रेलियाकडे गेली. गांधींनीं तेथील हिंदी लोकांस मुलांना शिकवा व सार्वजनिक कामांत लक्ष घाला असा उपदेश केला. त्यांच्याच सांगण्यावरून १९०७ सालीं मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथें गेले. त्यांनीं ‘हिंदुस्थानी’ हें पत्र काढलें, मजुरांचे खटले चालविले आणि १९०९ च्या शाही चौकशी-मंडळापुढें मजुरांची बाजू मांडली. दुसऱ्याच वर्षीं मजुरांची नवी भरती थांबली. मजुराचा आवाज बेटाबाहेर गेला तो असा, कागद व शाई यांच्या जुन्या मार्गानें.

१९०१ ची ही तार दरबान, मॉरिशस, रॉड्रिग्ज, कोकोस आणि पर्थ अशी गेली. तिच्यामुळें रॉड्रिग्जला अठरा वर्षांनीं कां होईना, बोलतां येऊं लागलें. परंतु रॉड्रिग्जसारख्या कोपऱ्यांत तार कां न्यावी? याचें एक कारण राजकीय होतें. बोअर युद्ध चालूं होतें, आणि परक्या राज्याच्या भूमीला कोठेंहि न टेंकणारी तार असावी असा साम्राज्यधुरीणांचा आग्रह होता. दुसरें कारण पदार्थविज्ञानाचें आहे, आणि तें आम्हांस अधिक मनोरंजक वाटतें.

समुद्रांतील तार म्हणजे मधोमध तांब्याचा गाभा, त्याभोंवतीं गटापर्चाचें वेष्टन, त्यावर ताग, आणि सर्वांत बाहेर लोखंडी तारांचें चिलखत. गटापर्चा हा मलाया व त्याच्या आसपासच्या बेटांतील एका वृक्षाचा चीक. तेथील लोक त्याच्या सुऱ्यांच्या मुठी करीत. १८४३ सालीं माँटगोमेरी नांवाच्या एका डॉक्टरानें तो विलायतेस नेला, आणि थोड्याच वर्षांत असें आढळलें कीं विजेला कोंडून धरण्यास व समुद्राच्या पाण्याला दाद न देण्यास यासारखा दुसरा पदार्थ नाहीं. चीक काढण्यासाठीं उभा वृक्ष तोडीत, आणि एका वृक्षापासून हातीं येणारा चीक अगदीं थोडा. हजारों मैलांच्या तारांसाठीं किती रानें आडवीं झालीं असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. शतक संपण्यापूर्वीं सिंगापूर व मलायाच्या किनाऱ्यालगतच्या रानांतून हा वृक्ष जवळजवळ नाहींसा झाला होता. बेटांना जोडणारी तार अशी बेटांच्याच रानांतून निघालेली होती.

विल्यम टॉमसन यांनीं १८५४-५५ च्या सुमारास दाखवून दिलें होतें कीं, लांब तारेंत विजेचा ठोका एका टोंकाला जसा तीक्ष्ण शिरतो तसा दुसऱ्या टोंकाला निघत नाहीं. तो पसरट व मंद होतो. तार दुप्पट लांब केली तर ही मंदगति चौपट होते. म्हणून फार लांब तारेवर संदेश फारच सावकाश पाठवावा लागे. उपाय एकच होता. मध्यें कोठें तरी जमिनीवर उतरावयाचें, आलेला संदेश वाचून घ्यावयाचा आणि ताज्या दमानें पुढें ढकलावयाचा. रॉड्रिग्ज ते कोकोस हें अंतर सुमारें दोन हजार सागरी मैलांचें आणि कोकोस ते पर्थ सोळाशेंचें. हीं बेटें म्हणजे डांकेचे घोडे बदलण्याच्या जागा होत्या. कागदाच्या अरुंद पट्टीवर शाईची नागमोडी रेषा उमटत जाई. तरुण कारकून ती वाचून पुढच्या तारेवर अक्षरें ठोकी. व्यापारी संदेश बहुधा सांकेतिक शब्दांचे असत. कारकुनानें जगाचें सारें गुपित हातांखालून घालविलें खरें, पण त्याला त्यांतलें फारसें कळत नसे. घोड्याला तरी थैलींतील पत्र कोठें वाचतां येतें?

कोकोस बेटांची कथा तर याहून विलक्षण आहे. प्रवाळाचीं हीं सखल बेटें १८२७ पासून क्लूनिस-रॉस या एका स्कॉच कुटुंबाच्या ताब्यांत होतीं. १८३६ सालीं डार्विन तेथें येऊन गेला. १८८६ सालीं राणी व्हिक्टोरियानें तीं बेटें त्या कुटुंबाला कायमचीं देऊन टाकलीं. मलायी मजूर नारळ सोलीत आणि मालकानें स्वतः पाडलेल्या खासगी नाण्यांत मजुरी घेत. तीं नाणीं मालकाच्या दुकानाखेरीज कोठेंहि चालत नसत. त्यांतील डिरेक्शन नांवाच्या छोट्या बेटावर तारकंपनीचें ठाणें झालें. तेथें आठदहा गोरे तरुण, त्यांचे चिनी व मलायी नोकर, एक टेनिसचें मैदान, आणि भोंवतालीं समुद्र. लंडनच्या भावतावाच्या गोष्टी क्षणोक्षणीं ज्यांच्या बोटांखालून जात, त्यांचीं स्वतःचीं पत्रें मात्र जवळून जाणारीं जहाजें पिंपांत भरून समुद्रांत टाकीत आणि होडीनें तीं वेंचून आणावीं लागत.

या बेटाला कोणी शत्रु नव्हता. तो तारेनें मिळवून दिला. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीं मद्रासेवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटविणारी ‘एमडन’ ही जर्मन युद्धनौका आमच्या लोकांस चांगली ठाऊक आहे. तीच ९ नोव्हेंबर रोजीं सकाळीं कोकोसच्या खाडीच्या तोंडाशीं आली. प्रशांत महासागरांतील फॅनिंग बेटावरची तार दुसऱ्या एका जर्मन नौकेनें दोन महिन्यांपूर्वींच तोडली होती. ठाण्यावरच्या माणसांनीं अनोळखी जहाज आल्याची सूचना बिनतारी यंत्रानें चटकन् बाहेर पाठविली. लेफ्टनंट फॉन म्यूके पन्नासएक खलाशांसह उतरला. यंत्रें फोडण्यांत आलीं, समुद्रांतील तारा ओढून कापण्यांत आल्या. त्यांतली एक नुसती फसवी होती. बिनतारी खांब पाडतांना तो टेनिसच्या मैदानावर पडूं नये अशी विनंति ठाण्यावरच्यांनीं केली आणि जर्मनांनीं ती मानली, असें सांगतात. युद्धांत असाहि शिष्टाचार असतो! इतक्यांत सुमारें पन्नास मैलांवरून जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैन्याच्या तांड्यांतून ‘सिडनी’ ही नौका सूचना ऐकून धांवून आली आणि ‘एमडन’ जवळच्याच नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर निकामी होऊन चढली. शंभरांहून अधिक जर्मन खलाशी ठार झाले. फॉन म्यूके क्लूनिस-रॉसचें ‘आयेशा’ हें गलबत घेऊन निसटला. ठाण्यावरच्यांनीं लपवून ठेविलेलीं यंत्रें बाहेर काढलीं, आणि तार लवकरच पुन्हां बोलूं लागली.

दुसऱ्या महायुद्धांत याच बेटाचें नशीब उलट फिरलें. ३ मार्च १९४२ रोजीं जपानी युद्धनौकेनें डिरेक्शन बेटावर तोफा डागल्या. तेव्हां ठाणें पार उद्ध्वस्त झालें आहे असा संदेश मुद्दाम उघड्या भाषेंत, शत्रूला ऐकूं जाईल असा, पाठविण्यांत आला. आणि समुद्राखालून काम पूर्ववत् चालूं राहिलें. जगाशीं बोलण्यासाठीं ज्या बेटाचा जन्म, त्यानें मेल्याचें सोंग करून जगावें अशी ही वेळ होती. त्याच्या रक्षणासाठीं शेजारच्या हॉर्सबर्ग बेटावर सिलोनी गोलंदाजांची एक तुकडी तोफांसह ठेविली होती. ८ मेच्या रात्रीं त्यांच्यांतील कांहींनीं ग्रेशियन फर्नांडो याच्या पुढारीपणाखालीं बंड केलें. गोऱ्या अधिकाऱ्याची वागणूक आणि साम्राज्याविषयींचा संताप हीं त्याचीं कारणें. बंड थोड्या तासांत मोडलें. ऑगस्टमध्यें कोलंबोच्या तुरुंगांत फर्नांडो व त्याचे दोन सोबती यांना फांशी देण्यांत आलें. त्या युद्धांत बंडाच्या आरोपावरून इंग्रजी साम्राज्याच्या फौजेंत फांशी गेलेले हे तिघेच. ज्या तारेवर त्यांनीं पहारा केला, तिच्यावरून त्यांच्यापैकीं कोणाचा एखादा शब्द घरीं गेला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

रॉड्रिग्जला २०१९ सालीं मॉरिशसहून नवी, कांचतंतूंची तार मिळाली. कोकोस बेटें १९५५ पासून ऑस्ट्रेलियाकडे आहेत, आणि १९८४ सालीं तेथील मलायी रहिवाशांनीं मतदान करून त्या देशांत सामील होण्याचा निर्णय घेतला. डिरेक्शन बेटावरचें ठाणें १९६६ सालीं बंद झालें. आज त्या बेटावर कोणी राहत नाहीं. सुटीच्या दिवशीं होम बेटावरचीं कुटुंबें होडीनें तेथें जातात आणि संध्याकाळीं परततात.